रिंग्ज टांगल्या, आजीच्या झोपाळ्याच्या कड्यांवर

आठवडा पाचवा. जिम्नॅस्टिक्सच्या लाकडी रिंग्ज अखेर घरात वर गेल्या. काल पहिल्यांदा पाय उचलून वीस सेकंद सपोर्ट धरला, म्हणजे हात सरळ ठेवून अंग रिंग्जवर तोललं. रिंग्ज सोडल्या तर टांगणीचा खर्च ४८० रुपये. तयार सीलिंग माउंटची जोडी मला अडीच हजारांना पडत होती.

मागच्या नोंदीत रिंग्ज टांगायला कुत्र्याची साखळी आणि एस हूक आणल्याचं लिहिलं होतं. दोन्ही बाद. हुकाच्या तोंडाशी मार्करने दोन रेघा मारून ठेवल्या होत्या. पाय जमिनीवर ठेवून तीन दिवस नुसते रो केले (मागे झुकून रिंग्ज धरून अंग वर ओढायचं), तेवढ्यात त्या रेघांमधलं अंतर काडेपेटीतल्या काडीएवढं वाढलं. साखळीचीही तीच गत: जोड वाकवून टेकवलेले, वेल्डिंग नाही. कुत्र्याच्या साखळीवर माणसाचं वजन टाकू नका. पंख्याच्या हुकाला तर हातच लावू नका, तो पंख्यापुरताच असतो.

उपाय डोक्यावरच होता. दांडिया बाजारातलं आमचं घर जुनं, बडोद्यातल्या कितीतरी जुन्या घरांसारखा दिवाणखान्यात झोपाळा. आजीचे गुडघे दुखायला लागल्यापासून पाट उतरवलेला, कड्या मात्र तुळईला तशाच. एका बाजूच्या पुढच्या-मागच्या कड्यांमधलं अंतर मोजलं तर ५२ सेंमी! स्पर्धेतल्या रिंग्जच्या टांगणीत ५० सेंमी असतं. टेप हातात धरून मी आजीला हाक मारली.

भरवसा मात्र लगेच ठेवला नाही. माळ्यावर जाऊन पाहिलं: सळई तुळईतून आरपार, वर लोखंडी पट्टी आणि नट. सुतारकाकांनी तुळई ठोकून पाहिली, वाळवी नाही. गंज पॉलिश पेपरने काढला, खालचं लोखंड झिजलेलं नव्हतं.

खरी अडचण दिशेची निघाली. झोपाळा पुढेमागे जातो तो या दोन कड्यांना जोडणाऱ्या रेषेत, आणि रिंग्जचा झोका त्या रेषेला काटकोनात. कडी ज्या बाजूला झुलायला बसवलेली असते, त्या बाजूलाच मोकळी फिरते; आडवी ओढली की करकरते आणि घासते. रावपुऱ्यातल्या दुकानदाराने विचारलं, "बेन, हिंचका माटे?" (ताई, झोपाळ्यासाठी?) रिंग्ज दाखवल्यावर त्याने दोन डी शॅकल (इंग्रजी डीच्या आकाराचे, तोंड पिनेने बंद होणारे लोखंडी आकडे) एकात एक काटकोनात अडकवून दाखवले. एक पुढेमागे वळतो, दुसरा डावीउजवीकडे. हीच या आठवड्यातली सगळ्यात मोठी शिकवण. एका बाजूला दोन, असे चार घेतले, १० मिमीचे, अंगावर १ टनाचा ठसा असलेले. प्रत्येकी ११० रुपये. बिनठशाचे ७० ला होते, ते घेतले नाहीत.

उरलेले चाळीस पॉलिश पेपर आणि बाइंडिंग वायरचे. वायर विसरू नका. झुलताना शॅकलची पिन हळूहळू सैल होते. म्हणून ती घट्ट आवळून तिच्या डोळ्यातून तार ओवली आणि शॅकलच्या पायाला गुंडाळली.

वजनाचं गणित: माझं ६० किलो. दोरी सरळ उभ्यापासून ६० अंश मागे नेऊन झोका सोडला, तर तळाशी ओढ दुप्पट, म्हणजे १२० किलो होते. एक हात सुटला तर ती सगळी एकाच कडीवर येते. म्हणून प्रत्येक कडीची चाचणी सिमेंटच्या तीन पोत्यांनी, म्हणजे १५० किलोंनी घेतली. विटांवर फळी, फळीवर पोती, दोर बांधून विटा एकेक काढल्या. प्रत्येक कडी रात्रभर तशीच ठेवली. सकाळी नटाशी पेन्सिलची खूण जागच्या जागी होती.

जुम्मादादा व्यायाममंदिर पायी दहा मिनिटांवर, तिथले व्यायामगुरू प्रो. माणिकराव यांचं नाव ऐकतच आम्ही वाढलो. त्यामुळे घरातल्या तुळईवर स्वतः लोंबकळताना मला फार आनंद होतो.

पुढच्या आठवड्यात डिप्सची सावकाश उतरण, म्हणजे सपोर्टमधून कोपर वाकवत हळूहळू खाली येणं. आता आजीला पाट परत हवाय. संध्याकाळी झोपाळा, सकाळी रिंग्ज, अशी अदलाबदल त्याच कड्यांवर कुणी केली असेल तर काय वापरलं, ते सांगा.