प्रश्नाच्या पोटातलं वाक्य

ताईचा फोन आलाच नाही. बाकी काही घडलेलं नाही, पण दुपारपासून छातीत काहीतरी अडकून बसलंय. सगळ्यांचं आपण करायचं आणि आपली आठवण मात्र कुणाला नाही, हे एकदा सुरू झालं की थांबत नाही. त्यात तो कागदांचा विषय... जाऊ दे, आज तो नको.

मनात काय चाललंय ते बघायला बसलं की आधी हाती लागतात ते प्रश्न. ‘ती अशी का वागली?’ ‘माझं काय चुकलं?’ ‘आता पुढे कसं व्हायचं?’ प्रश्न खरा की खोटा हे तपासताच येत नाही. म्हणून मन तोच तो विचारत राहतं. खूप विचार केल्यासारखं वाटतं आणि हाताला काही लागत नाही. तेव्हा आधी प्रश्न मोडायचा आणि त्याचं सरळ विधान करायचं, शेवटी पूर्णविराम देऊन. ‘ती अशी का वागली?’ याच्या पोटात होतं, ‘तिला माझी गरज उरलेली नाही.’ लिहिलं आणि पोटात खड्डा पडला. असा खड्डा पडला की समजावं, नेमकं वाक्य सापडलं. काहीच हाललं नाही तर आणखी खाली जायचं: ‘हे खरं असेल, तर माझ्या लेखी त्याचा अर्थ काय?’ बहुतेकदा दोन-तीन पायऱ्यांत तळ लागतो.

मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी १९६०च्या दशकात मांडलेले ‘आपोआप येणारे विचार’ ते हेच. क्षणात येऊन जातात, मागे नुसती भावना उरते, आणि आपण तिलाच पुरावा मानतो.

हे विचार तपासायचा तक्ता साधाच आहे. प्रसंग, भावना, तिला ० ते १०० मधला आकडा, विचार. मग विचाराच्या बाजूचं काय, विरुद्ध काय, आणि दोन्ही धरून एक नवं वाक्य. शेवटी पुन्हा आकडा. गफलत होते ती भावनेच्या रकान्यात. ‘मला गृहीत धरलं जातंय’ हे तिथे हमखास लिहिलं जातं, पण तो विचार आहे. भावना एका शब्दात मावते: राग, भीती, लाज, दुःख. वाक्य लागलं की तो विचार, त्याची जागा पुढच्या रकान्यात. आणि पुराव्यात फक्त कॅमेऱ्यात दिसलं असतं तेवढंच. ‘फोन आला नाही’ चालेल. ‘तिने टाळलं’ चालणार नाही. ही चाळणी लावली की विचाराच्या बाजूने म्हणून फार थोडं उरतं. आज एकच ओळ उरली.

आकडा नव्वदीत असताना मात्र हे जमत नाही. तेव्हा आधी श्वास, बाहेर सोडताना थोडा लांब, दोन-चार मिनिटं. लिखाण नंतर.

विचार हाकलण्यासाठी लिहायला बसलं की सगळंच उलटतं. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांच्या १९८७च्या प्रयोगात लोकांना सांगितलं होतं, पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका. आलाच तर घंटी वाजवा. घंटी वाजत राहिली. पुढे विचार करायची मोकळीक दिल्यावर तर तो, आधीपासून मुभा असलेल्यांपेक्षाही जास्त आला. ‘गेला का?’ म्हणून दर मिनिटाला बघणं म्हणजे त्याला पुन्हा आत बोलावणं. नोंद करायची ती तो आलाय एवढीच: ‘तिला माझी गरज नाही, असा विचार आत्ता माझ्या मनात आहे.’ वाक्य तेच, पण आता ते हातभर लांब धरलेलं असतं.

नवं वाक्य असं झालं: ‘आज फोन आला नाही, कारण मला ठाऊक नाही, आणि मला वाईट वाटलं.’ भावनेचा आकडा ऐंशीवरून पंचेचाळीसवर आला. शून्य व्हायची वाट बघायची नसते. उरलेले पंचेचाळीस तिची आठवण येते त्याचे आहेत. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही, राहू देत.

हे लिहिता लिहिता आणखी एक आलं, ‘मी सगळंच फार लावून घेते.’ समंजस वाटतं, पण तोही विचारच. नवी ओळ, नवा आकडा. आज फक्त ओळ लिहून ठेवते. पंधरा मिनिटं झाली, आणि त्यापुढे लिहिलं की तक्त्यातही नुसतं उगाळणंच होतं.