सरकी टोबण्याच्या दिवसांतली कोको गॉफ

१ जुलै २०१९ रोजी दिवसभर शेतात सरकी, म्हणजे कपाशीचे बी, टोबून, रात्री ओसरीवर तांब्याला टेकवलेल्या मोबाईलवर मी विम्बल्डन पाहत होतो, तेव्हा पंधरा वर्षांच्या अमेरिकन टेनिसपटू कोको गॉफने पाच वेळच्या विजेत्या व्हीनस विल्यम्सला ६-४, ६-४ असे हरवले आणि जाळ्यापाशी तिचेच आभार मानले.

अनेकांना ती अचानक उगवल्यासारखी वाटली. परंतु २०१७ मध्ये, तेराव्या वर्षीच, तिने अमेरिकन ओपनच्या मुलींच्या गटात अंतिम फेरी गाठली होती आणि २०१८ मध्ये पॅरिसला, फ्रेंच ओपनमध्ये, कॅटी मॅकनॅलीविरुद्ध पहिला सेट १-६ असा गमावूनही ज्युनिअर विजेतेपद खेचून आणले होते. तिथल्या टेनिस कोर्टवरची लाल माती म्हणजे विटांचा चुरा. आमच्या यवतमाळच्या काळ्या जमिनीत पावसानंतर चेंडू उसळण्याऐवजी रुतूनच बसेल.