डेप्रिकेटेड म्हणजे बंद नव्हे

गेल्या आठवड्यात टीममधल्या नव्या मुलाने जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेतला एक जुना प्रोग्राम उघडला. तारीख बनवताना वर्षाच्या जागी 124, महिन्याच्या जागी 0 आणि दिवस 15. त्यातल्या ‘डेट’वर एडिटरने आडवी रेघ मारलेली. ‘ताई, हे डेप्रिकेटेड दाखवतंय. म्हणजे काढून टाकलंय ना? मग चालतंय कसं?’

अगदी नेमका प्रश्न. तारीख लिहिण्याची ही रीत जावाच्या 1.1 आवृत्तीत, 1997 सालीच डेप्रिकेट झाली, म्हणजे ‘यापुढे वापरू नका’ अशी खूण तिच्यावर लागली. वर्षातून 1900 वजा करायचे, महिने शून्यापासून मोजायचे. म्हणून ती तारीख 15 जानेवारी 2024. जावा 8 मध्ये, 2014 साली, तारखांची नीट सोय आली. तरी जुनी रीत आजही चालते, कंपायलर, म्हणजे आपला कोड यंत्राच्या भाषेत नेणारा प्रोग्राम, फक्त बजावतो. पुढे खरोखरच काढून टाकणार असतील, तर तसे वेगळे नोंदवायची सोय 2017 च्या जावा 9 पासून आहे.

म्हणून या शब्दाचे मराठी ‘बंद’ किंवा ‘रद्द’ केलेले पाहिले की मला राहवत नाही. आधीच्या नोकरीत अशाच एका सूचनेत ‘ही सुविधा बंद झाली आहे’ असे छापले गेले, आणि घाबरलेल्या लोकांचे फोन मी दोन दिवस घेत होते. सुविधा व्यवस्थित चालू होती.

काही जण हा शब्द ‘डिप्रीशिएट’ समजतात. तो हिशेबातला घसारा. त्याच्या मुळाशी लॅटिनमधली ‘किंमत’ आहे. डेप्रिकेटच्या मुळाशी आहे प्रार्थना: संकट टळावे म्हणून केलेली विनवणी. हे कळले तेव्हा मला नागपूरचा पोळ्याचा दुसरा दिवस आठवला, संकटे घेऊन जावीत म्हणून मारबतीचा पुतळा मिरवत नेऊन जाळतात तो. ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत!’ लहानपणी गर्दीत आजीचा हात धरून मीही ओरडायची. ‘हे नको’ असे कळवळून सांगणे, तेच पुढे इंग्रजीत ‘नापसंती दर्शवणे’ झाले. निषेधाइतका कडक सूर त्यात नाही.

मी आता एका शब्दाचा हट्ट सोडला आहे. सरळ लिहिते: ‘अजून चालते, पण नव्या कामात वापरू नका, त्याऐवजी हे वापरा.’ शेवटचा भाग कधीच गाळत नाही. पर्याय न सांगता नुसते ‘नको’ म्हटले तर समोरच्याने करायचे काय?

त्या मुलाने तीच टीप त्या ओळीवर लिहून ठेवली आहे. सोमवारी आम्ही दोघे बसून ती तारीख नव्या रीतीने लिहिणार आहोत.