पिशवीत मेथी सापडली

ग्राहक संरक्षण हा विषय मी घेतला, कारण सीनियर म्हणाले, पाठांतर कमी आहे. पहिल्या सत्रात ते खरंही वाटलं. १९८६ चा कायदा जाऊन २०१९ चा आला, २० जुलै २०२० पासून लागू झाला, तक्रार दोन वर्षांच्या आत करायची. झालं.

दुसऱ्या सत्रात मॅडमनी सांगितलं, प्रत्येकाने घरातली किंवा गावातली खरी तक्रार आणायची आणि तिचा अर्ज लिहायचा. मला शोधावी लागली नाही. बोरी नदीकाठच्या आमच्या गावात काकांची दोन एकर कपाशी त्या वर्षी निम्मीसुद्धा उगवली नव्हती. नांग्या भरूनही, म्हणजे रिकाम्या जागी पुन्हा बी टोचूनही, शेत विरळच राहिलं.

मी दोन पानं लिहिली. बळीराजा, घाम, अश्रू, सगळं आलं. मॅडमनी बहुतेक सगळं खोडलं आणि कडेला लिहिलं : 'पेरणीची तारीख? लॉट नंबर? पावती? मागणी किती रुपयांची?'

काकांना बियाण्याच्या पिशवीचं विचारलं तर म्हणाले, "पिशवी? ती फेकी दिधी व्हई." दोन दिवसांनी ती सापडली. काकूने तिच्यात मेथीचं बी भरून चुलीमागे टांगली होती. लॉट नंबर धुरकटला होता, पण वाचता आला. पावती पासबुकाच्या प्लास्टिकमध्ये मिळाली. नशीब एवढंच, की शेजाऱ्याच्या नादाने काकांनी तेव्हा तालुक्याला कृषी अधिकाऱ्यांकडे अर्ज दिला होता. समितीने येऊन झाडं मोजली, पंचनामा केला. त्याची प्रत मात्र काकांनी कधी घेतलीच नव्हती. ती मी आणली.

वर्गातल्या सरावात एक मित्र बियाणं कंपनीचा वकील झाला. म्हणाला, शेतकरी कापूस विकतो, म्हणजे हा धंदा, मग तो ग्राहक कसा? मी गप्प. मॅडमनी २०१२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल काढला, नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन विरुद्ध मधुसूदन रेड्डी. सदोष बियाण्यासाठी शेतकरी ग्राहक मंचाकडे जाऊ शकतो, असं त्यात स्पष्ट आहे. शिवाय नव्या कायद्याने तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातच करता येते, कंपनी परराज्यातली असली तरी. बियाण्याला मोजलेली रक्कम पाच लाखांच्या आत, म्हणून फी नाही. वकीलही सक्तीचा नाही. घरी हे सांगून अर्ज खरंच करू म्हणालो, तेव्हा काका पहिल्यांदा नीट बसून ऐकू लागले.

आणि तिथंच गाडी अडली. मी विरुद्ध पक्षात कंपनीबरोबर दुकानदारही घातला होता. काकांनी पेन खाली ठेवलं. "त्याले मझार नको वढू. पुढला सालले उधार कोण दी?" मी कायदा सांगत राहिलो, ते बिडी ओढत राहिले. पुस्तकात उधारीचं प्रकरण नाही. शेवटी मॅडमनी वाट सुचवली : दुकानदाराचं नाव राहू दे, पण भरपाई फक्त कंपनीकडून मागायची. मी स्वतः जाऊन दुकानदाराला ते समजावलं. त्याने चहा पाजला आणि पावतीची दुय्यम प्रतही काढून दिली. काकांनी सही केली.

मला वीसपैकी सतरा मिळाले. तीन गेले मागणीचा हिशेब ढिला म्हणून. खताची बिलं मी जोडलीच नव्हती.

सुनावणीच्या पहिल्या तारखेला जळगावला निघालो तर दुकानदार त्याच एसटीत. काकांचं तिकीट त्यानेच काढलं.