शेजारच्या शेठची भरीत पार्टी

कॉलनीतल्या त्या मोठ्या बंगल्यातले शेठ नेमका काय धंदा करतात, अजून कुणालाच नीट माहीत नाही. आज त्यांनी यावलकडच्या मळ्यात अख्ख्या कॉलनीला भरीत पार्टी दिली. मंडप, लायटिंग, गाड्यांची रांग, सगळं होतं. पण सांगण्यासारखं भरीतच.

वांगी यावल तालुक्यातल्या बामणोद गावची: मोठी, हिरवट-पांढरी, बी कमी. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, ते उगाच नाही. तेलाचा हात लावून, टोचे मारून कापसाच्या काड्यांवर भाजली. टोचे नसले की आत वाफ कोंडून वांगं फुटतं. देठाजवळ कच्चं राहिलं तर ठेचताना गाठी येतात, म्हणून फिरवत राहायचं. सोलताना पाण्यात धुवायचं अजिबात नाही, धुराचा वास जातो आणि मग भरीत कशाला करायचं? ठेचायचं बडजीतच, म्हणजे ठेचायच्या लाकडी भांड्यात. मिक्सरमध्ये चिकट लगदा होतो.

किलोभर वांग्यांना दहा-बारा भाजलेल्या हिरव्या मिरच्या, लसणाचा एक गड्डा, मूठभर शेंगदाणे, भरपूर कांद्याची पात. फोडणीत तेल सढळ हवं, पात मात्र अर्धवटच परतायची.

सोबत कळण्याची भाकरी: चार वाट्या ज्वारीला एक वाटी अख्खे उडीद, थोडं मीठ, एकत्र दळून. पीठ मळलं की लगेच थापायचं, उडदामुळे ठेवलं तर चिकटतं.