शिब्डनची बाई आणि माझा सातबारा

ॲन लिस्टर या इंग्लिश जमीनदारणीवरची ‘जंटलमन जॅक’ ही मालिका तू किती वेळा बघणार आणि त्या बाईत तुला एवढं काय दिसतं, हे मला गेली तीन-चार वर्षं विचारलं जातंय. पुण्यातल्या मैत्रिणी विचारतात तेव्हा तो आरोप असतो: जमीनदारीण, टोरी म्हणजे जुन्याला चिकटलेल्या पक्षाची, कुळांना धाकात ठेवणारी, कोळशावर पैसा करणारी, आपण चळवळीतल्या बायकांनी हिला डोक्यावर का घ्यायचं? नात्यातल्या बायकांचा आवाज मात्र खाली येतो आणि ‘हे असलं’ एवढंच ऐकू येतं. दोघींनाही एकदाच सांगून टाकते.

आरोप खरे आहेत. इंग्लंडात यॉर्कशायरमधल्या हॅलिफॅक्सजवळच्या शिब्डन हॉलची ही मालकीण, ॲन लिस्टर, 1791 ची. 1832 च्या कायद्यानं मताचा हक्क वाढवला, पण ‘पुरुष’ असा शब्द घालून बायकांना बाहेर ठेवलं. हिला स्वतःला मत नव्हतं, तरी आपली कुळं कुणाला मत देतात यावर हिचा डोळा असायचा. सुमारे पन्नास लाख शब्दांची डायरी लिहिली, त्यातला साधारण सहावा हिस्सा सांकेतिक लिपीत, आणि त्यात बायकांवरचं प्रेम जसं आहे तसं खालच्या वर्गाबद्दलचा ताठाही आहे.

आणि एलायझा रेन. तिच्याबद्दल मला कुणी विचारत नाही, मीच सांगते. मद्रासला जन्मलेली, बाप ईस्ट इंडिया कंपनीचा सर्जन, आई भारतीय. यॉर्कच्या शाळेत ॲन आणि ती माळ्यावरच्या एका खोलीत राहायच्या. ॲनचं पहिलं प्रेम ती. ती गुप्त लिपीही त्या दोघींच्या काळातली. ॲन पुढे गेली, एलायझा वेडी ठरवली गेली आणि 1860 मध्ये मरेपर्यंत तशीच राहिली. मालिका सुरू होते 1832 पासून, म्हणजे तोवर हे सगळं होऊन गेलेलं. या गोष्टीत आपल्या रंगाची मुलगी शोधायला मी गेले, तर ती अशी मागे टाकलेली सापडली. तरीही माझं मालिकेवरचं प्रेम उतरलं नाही, आणि ते का उतरलं नाही याचं धड उत्तर माझ्याकडे नाही.

पण मूळ प्रश्नाचं आहे. त्यासाठी आईची गोष्ट सांगावी लागेल.

2022 च्या एप्रिलमध्ये आई पहिल्यांदा इंग्लंडला, लीड्सला माझ्याकडे आली. कराडच्या बाजूचं आमचं गाव. ऊस, थोडं सोयाबीन. माझ्याबरोबर राहते ती कोण, हे आईला कळलेलं होतं, पण ती तिला ‘ती पोरगी’ म्हणायची आणि विषय तिथे संपायचा. तेव्हा मालिकेचा दुसरा सीझन लागत होता. मी पहिल्या भागापासून लावली, थांबवून थांबवून आईला मराठीत सांगत. वाटलं होतं, दहा मिनिटांत उठेल.

आई उठली नाही. काळ्या कपड्यांत, डोक्यावर टोपी घालून ती बाई टेकडी चढते, तेव्हा म्हणाली, “कुठं निघाली गं तरातरा?” कारभारी आजारी म्हणून ती स्वतः खंड गोळा करायला बसते, ते आईला फार पटलं. शेजारचे रॉसन आपल्या खाणीतून आत शिरून हिच्या जमिनीखालचा कोळसा काढतात, हे मी समजावायला लागले तर आईनं हात केला. “कळलं. बांध कोरतायत. खालनं.”

बायकांच्या प्रसंगांना ती पदर सारखा करत भिंतीकडे बघायची. मीही चॅनल बदलला नाही.

मग वाटणीचा प्रसंग आला. ॲन वॉकर ही शेजारची वारसदार, भाऊ मेल्यावर तिची आणि बहिणीची इस्टेट सामायिक झालेली. बहीण लग्न झालेली. तेव्हाच्या इंग्लिश कायद्यानं बायकोच्या मिळकतीवर नवऱ्याचा ताबा. तो हटायला 1882 उजाडलं. म्हणजे ॲन वॉकरनं लग्न केलं असतं तर जमीन कुणा सद्गृहस्थाच्या हातात. तिनं 1834 च्या ईस्टरला यॉर्कच्या होली ट्रिनिटी चर्चमध्ये लिस्टरबरोबर प्रसाद घेतला, दोघींच्या लेखी ते लग्न झालं, आणि कायद्याला ते लग्न दिसत नसल्यामुळे जमीन तिचीच राहिली. दोघींनी एकमेकींच्या नावे मृत्युपत्रं करायचं ठरवलं. नातेवाईक हबकले.

आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “नावावर जमीन होती म्हणून चाललं हिचं सगळं. नाहीतर कवाच हाकलली असती.”

मी म्हटलं, “मग माझी का सोडायला लावलीस?”

बाबा 2010 मध्ये गेले. वारसनोंद झाली, सातबाऱ्यावर आई, दादा आणि मी अशी तीन नावं लागली. पुढच्या वर्षी मला सुट्टी काढून बोलावलं. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात छोट्या कॅमेऱ्यासमोर बसवून फोटो घेतला, अंगठा घेतला. शाई पुसायला कारकुनानं जुन्या अर्जाचा तुकडा दिला, तो मी घडी करून पर्समध्ये ठेवला, का ते आठवत नाही. हक्कसोडपत्र झालं. घरी गेल्यावर मोरपंखी साडी, चोळीचा खण, ओटी. मुलींचा वडिलोपार्जित मिळकतीतला समान हक्क 2005 च्या दुरुस्तीनं पक्का झाला होता आणि मला ते माहीत होतं. मी शिकलेली होते. मला कुणी फसवलं नाही.

तेव्हाच्या माझ्याशी मी अजून भांडते. ती म्हणते, मला जमीन नकोच होती, मला सुटका हवी होती. मी म्हणते, खोटं. तू मनातल्या मनात सौदा केलास: जमीन घ्या, पण पुढे मी कुणाबरोबर राहते ते विचारू नका. आणि तो सौदा समोरच्यांना सांगितलाच नाहीस. तीन वर्षांनी मी दादाला खरं सांगितलं. तो ओट्यावरून म्हणाला, “या घरात तुझं काही नाही.” त्याला रागानं बोलायचं होतं, पण कागदावर ते अक्षरशः खरं होतं. सातबाऱ्यावर माझ्या नावाला तेव्हा कंस झालेला होता.

लीड्समध्ये त्या रात्री टीव्हीसमोर आई म्हणाली, “मीही सोडलंच की माझं. भावाचं दार उघडं राहावं म्हणून सोडत्यात बायका.”

“माझं राहिलं का उघडं?”

ती उठून बेसिनपाशी गेली, धुतलेलीच भांडी परत धुवायला लागली. मी टीव्ही बंद केला. आता वाटतं, तिला तेव्हा एकटं सोडायला नको होतं. आणि वाटतं, का नको?

तर मैत्रिणींनो, मला त्या बाईचा टोरीपणा आवडत नाही. कोळशाचा भाव ठरवताना तिची नजर खाली जात नाही, ते आवडतं. तिनं आपलं काही सोडून दिलं नाही. हे मी आईला म्हटलं, आईला पटलं, आणि तिथेच उत्तर संपायला हवं होतं.

पण जाण्याआधी आई म्हणाली, बाईचं घर दाखव. शिब्डन 1420 च्या सुमाराचं, काळ्या लाकडी चौकटींचं. आई वाशांना हात लावत फिरली, सागवान नाही म्हणाली. मग विचारलं, “ती गेल्यावर दुसरीचं काय झालं?”

मी सांगितलं. ॲन लिस्टर 1840 मध्ये कॉकेशसच्या प्रवासात, आजच्या जॉर्जिया देशातल्या कुताइसीला तापानं गेली. ॲन वॉकरनं तिचा देह एवढ्या लांबून हॅलिफॅक्सला आणला, पुढच्या एप्रिलमध्ये दफन केला. मृत्युपत्राप्रमाणे हयातभर शिब्डनमध्ये राहायचा हक्क तिचा होता. 1843 मध्ये तिला वेडी ठरवलं. तिला वेड्यांच्या इस्पितळात नेलं. तिच्या खोलीला कुलूप होतं, ते दार बिजागऱ्या काढून उतरवलं.

आई म्हणाली, “कागद होता तरी?”

“होता.”

ती त्या खोलीच्या उंबऱ्यापाशी थांबली. चौकटीवरून वरपासून खालपर्यंत हात फिरवला, बिजागरी असते तिथे अंगठा टेकवला, आणि मागची माणसं खोळंबली तरी हलेना.