लव्हाळ्यांमागचा शेकाट्या आणि जुनी ३०० मिलिमीटरची लेन्स

पक्ष्यांच्या पायांतील रंगीत कड्यांवरचे संकेत छायाचित्रांतून टिपून देण्याचे काम मी करतो. त्या सकाळी ज्या शेकाट्याचा संकेत हवा होता, तो दाट लव्हाळ्यांमागे उथळ पाण्यात उभा होता. माझ्या आधुनिक झूम लेन्सचा ऑटोफोकस एरवी अत्यंत भरवशाचा. परंतु वाऱ्याने डोलणारी पाती पक्ष्याच्या पुढ्यात असल्यामुळे फोकस पुन्हा पुन्हा त्यांच्यावरच जाऊन बसत होता. तो हाताने सावरावा, तर या लेन्सची फोकस रिंग भिंगांना प्रत्यक्ष हलवत नाही, केवळ मोटारीला आज्ञा देते, आणि रिंग किती वेगाने फिरवली यावर फोकस किती सरकेल हे ठरते. केसभरच सरकवायचे असते तेव्हा हे फार जाचक होते.

म्हणून मी दुसरा मिररलेस कॅमेरा घेतला. त्यावर निकॉनची ३०० मिलिमीटर, एफ/४.५ ची, ईडी काच (वेगवेगळे रंग एकाच ठिकाणी एकवटवणारी खास काच) नसलेली, पूर्णतः हाताने चालवायची जुनी लेन्स होती. १९५९ साली आलेल्या निकॉनच्या एफ माउंटमध्ये लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचे अंतर ४६.५ मिलिमीटर आहे, तर आजच्या झेड माउंटमध्ये सेन्सरपर्यंतचे अंतर १६ मिलिमीटर, मधले ३०.५ मिलिमीटर एक पोकळ अ‍ॅडॅप्टर भरून काढतो आणि त्यात काच नसल्याने मूळ प्रतिमेत काही भर किंवा घट होत नाही. इतकी जड लेन्स मात्र तिच्या स्वतःच्या कॉलरनेच, म्हणजे नळीभोवतीच्या आधारपट्टीनेच, ट्रायपॉडवर बसवावी, नाहीतर सारा भार अ‍ॅडॅप्टरवर येतो.

या लेन्सची रिंग बरीच फिरवावी तेव्हा फोकस थोडा सरकतो, आणि त्या दिवशी मला नेमके तेच हवे होते. फोकस पीकिंगच्या, म्हणजे फोकस कुठे आहे ते दाखवण्यासाठी कॅमेरा रंगवतो त्या, रंगीत कडा टेलिफोटोवर खऱ्या स्पष्टतेपेक्षा जाड पट्टा दाखवतात, म्हणून त्या बंद करून मी व्ह्यूफाइंडरमधील प्रतिमा मोठी केली आणि पात्यांच्या हिरव्या धुरकट पडद्यातून पलीकडचे पांढरे कडे हळूहळू उमटेपर्यंत रिंग फिरवत राहिलो. पाती हलत राहिली, पण फोकस जिथे ठेवला तिथेच राहिला.

खरी अडचण पुढे आली. समोरून येणाऱ्या उन्हाने चित्र फिकट पडत होते. भिंगांवरची जुनी कोटिंग्ज (चकाकी रोखणारे लेप) अशा प्रकाशात कमी पडतात. लेन्सचा हूड पुढे ओढून वर हाताचा आडोसा धरल्यावर ते आटोक्यात आले. तरीही पूर्ण उघड्या छिद्रावर काळ्या अक्षराभोवती जांभळी झालर होती आणि अक्षर ‘सी’ आहे की ‘जी’, हे ठरत नव्हते. छिद्र एफ/८ इतके बारीक केल्यावर झालर घटली, तरी अक्षर निर्विवाद झाले नाही. मग रॉ फाइलमधून (सेन्सरने टिपलेल्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या नोंदीतून) केवळ हिरवा चॅनेल वेगळा काढला, कारण अशा लेन्समध्ये तांबडा आणि निळा प्रकाश हिरव्याच्या पातळीवर एकवटत नाही व जांभळा रंग त्यातूनच येतो. त्या करड्या चित्रात अक्षराच्या तोंडाशी आत वळलेली आडवी रेघ स्वच्छ दिसली.

मूळ चित्र आणि हिरव्या चॅनेलचे चित्र मी दोन्ही पाठवली. अ‍ॅडॅप्टरमधून छिद्राचा आकडा फाइलमध्ये नोंदला जात नाही, म्हणून तो हाताने लिहून दिला. कडी चढवणाऱ्यांच्या नोंदवहीत ‘जी’ असलेला संकेत शेकाट्याचाच आणि त्याच पायातला निघाला. ‘सी’ असलेला संकेत तोवर कोणत्याच पक्ष्याला दिलेला नव्हता.